न दिलेली तिसरी थंडी

ताई, तुम्हाला जाऊन उद्या महिना होईल. तेराव्यानंतर मास्तरांनी कारखान्याची किल्ली माझ्या हातात ठेवली. तुमच्या नवऱ्याला अख्खी आळी मास्तर म्हणते, मीही वीस वर्षं तेच म्हणत आलो. ते म्हणाले, अर्धी राहिलेली कामं तेवढी पुरी कर, पुढचं पुढे बघू. कुलूप उघडून आत गेलो तर नायट्रोजनची टाकी रिकामी. तुम्ही पडलात त्याच सकाळी आपण ती भरून घेतली होती. जुनी टाकी, तिला आता धरवत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. तरी तुम्ही विचारलं असतंत, झाकण नीट बसवलं होतंस ना रे दत्ता? बसवलं होतं, ताई. दोन आठवडे कोणी आत पाऊल टाकलं नाही, आणि ती उकळत उकळत संपून गेली.

दहाव्याला माझ्या शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी हळूच विचारलं, बाई नक्की काय बनवायच्या? वर्तमानपत्रात चार ओळी आल्या होत्या, त्यात तुम्ही उद्योजिका होतात, मनमिळाऊ होतात, एवढंच होतं. मनमिळाऊ वाचून मला हसू आलं. मी त्यांना सांगितलं, थर्मास बनवायच्या. मग वाटलं, हे काही खरं नाही. म्हणून नीट सांगितलं, की प्रयोगशाळेत काही वस्तू तपासायच्या तर त्या भयंकर थंड कराव्या लागतात. द्रवरूप नायट्रोजन ओतायचा, बर्फ त्याच्यापुढे कढत वाटेल इतका तो थंड. तो ज्या भांड्यात टिकतो त्याला क्रायोस्टॅट म्हणतात. भांड्यात भांडं, दोघांच्या मधली हवा काढून टाकलेली, वरून एक पातळ मान, खाली तांब्याची चकती, चकतीवर ती तपासायची वस्तू, समोर काचेची खिडकी. मधल्या पोकळीत केसाहून बारीक वाटेने हवा शिरली तरी सगळं फुकट. गृहस्थ म्हणाले, आणि हे रत्नागिरीत? मी म्हटलं, हो, रत्नागिरीत.

तुम्हालाही सुरुवातीला लोक हेच विचारायचे. बंदरावरून एक जण बर्फाचा भाव विचारायला आला होता, आठवतं? तुम्ही त्याला चहा दिलात आणि अर्धा तास समजावून सांगितलंत. जाताना तो म्हणाला, म्हणजे बर्फ नाय. तुम्ही म्हणालात, नाही. पण तुम्हाला खरं ओळखायचे ते गुरांच्या दवाखान्यातले लोक. मुंबईच्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून तुम्ही सासरी आलात, तेव्हा पहिली कामं त्यांच्याकडूनच मिळाली. गाई गाभण करायचं वळूचं बीज ते नायट्रोजनच्या डब्यात ठेवतात, आणि ते डबे गळायचे. तुम्ही ते दुरुस्त करत करत क्रायोस्टॅटपर्यंत पोचलात.

मी तुमच्याकडे आलो तेव्हा बत्तीस वर्षांचा होतो. बारा वर्षं मुंबईत फ्रीज दुरुस्त केलेला, दुकान बंद पडल्यावर खेडच्या बाजूला आपल्या गावी येऊन बसलेला, भाताच्या शेतीत मन न लागणारा माणूस. तुम्ही विचारलंत, फ्रीजचा गॅस गळतो ते कसं शोधतोस? मी म्हटलं, साबणाचा फेस लावून. तुम्ही म्हणालात, इथे फेसाला वर्षभरात एक बुडबुडा येणार नाही अशी गळती शोधायची आहे, धीर आहे का? मी हो म्हटलं, कारण नोकरी हवी होती. धीर तुम्ही नंतर शिकवलात. आतल्या भांड्याला उघडा हात लावायचा नाही, बोटाचा ठसासुद्धा पोकळीत महिनोन्‌महिने वाफ सोडत राहतो. आपल्याकडच्या दमट हवेत थंड भांडं घाईने उघडायचं नाही, घाम फुटतो त्याला. वायू आत शिरला की हलणाऱ्या लीक डिटेक्टरच्या काट्याकडे बघत हेलियमची नळी सांध्यावरून इतकी सावकाश फिरवायची, की बघणाऱ्याला वाटावं हा झोपला. दुपारी डबा खाताना तुम्ही माझ्या डब्यात वाकून बघायचात आणि आज कुठला मासा, विचारायचात. खाल्ला नाहीत कधी, पण नावं सगळी पाठ करून घेतलीत. मला कामाचा अभिमान वाटायला लागला तो तुमच्यामुळे. बायको म्हणायची, मुंबईहून आलेला हा माणूस निराळा, आणि ताईंकडे जातो तो निराळा.

आपल्या दोघांचं एकच भांडण होतं आणि ते कधी मिटलं नाही. नवं भांडं तयार झालं की त्याला आपण थंडी द्यायचो. हा तुमचा शब्द. नायट्रोजन ओतायचा, भांडं पूर्ण गार होऊ द्यायचं, मग आपोआप कोमट होऊ द्यायचं, आणि गळती तपासायची. गारठ्याने धातू आक्रसतो, सांधे ओढले जातात, वेल्डिंगमध्ये कुठे कण अडकला असेल तर तिथे वाट फुटते. तुमचा नियम तीन थंड्यांचा. मी म्हणायचो, ताई, दोनदा गार केलं नि गळलं नाय, तर तिसऱ्यांदा का गळेल? एक थंडी म्हणजे सबंध दिवस, आणि टाकीतला केवढा तरी नायट्रोजन. तुम्ही म्हणायचात, पहिल्या थंडीत धातू जागा घेतो, दुसरीत ती जागा पक्की होते, पक्की झाल्यावर कसा वागतो ते तिसरीतच कळतं. मला हे पटलं नाही. मी तिसरी द्यायचो ती तुम्ही सांगता म्हणून, आणि मनात दर वेळी म्हणायचो, बघा, काही निघालं का?

मग तुमचा तो सांधा आला. तांबं आणि पोलाद गारठ्यात सारखं आक्रसत नाही, म्हणून त्यांचा सांधा जाड करावा लागतो, आणि जाड केला की बाहेरची उष्णता त्यातून आत उतरते. तुम्ही दोन वर्षं कागदावर खपून पोलादाच्या मानेला खाली पातळ, किंचित वळलेली कड दिलीत. ती धातूबरोबर हलायची आणि तरी चकती जागची सरकायची नाही. तुम्ही तिला ओठ म्हणायचात. पहिलं भांडं पुरं भरल्यावर दर तासाला वजन करून बघितलं, तर नायट्रोजन पूर्वीपेक्षा निम्माच उडत होता. उठून बाहेर गेलात आणि फाटकाशी उभ्या राहिलात. परत आलात तेव्हा डोळे पुसलेले होते आणि मला म्हणालात, अजून एक नग करून ठेवू या.

पहिला नग दक्षिणेतल्या एका विद्यापीठातल्या प्राध्यापकबाईंना द्यायचा होता. त्यांना मोठ्या यंत्रावर कामाची वेळ मिळाली होती, ती चुकली तर पुन्हा सहा महिने थांबायचं. त्याच आठवड्यात मास्तरांच्या हृदयाचं ऑपरेशन पुण्यात ठरलं आणि तुम्ही गेलात. जुलै महिना. पहिली थंडी वजन केलं तेव्हाच झाली होती, दुसरी मी दिली. आंबा घाटात दरड आली आणि कोल्हापूरहून येणारा नायट्रोजनचा टेम्पो पलीकडेच अडकला. टाकी तळाला गेली होती. भांडं न्यायला गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. मी चाचणीचा कागद पुढे ओढला. तिसऱ्या ओळीत दुसऱ्या ओळीतलाच आकडा शेवटच्या घरात थोडा बदलून लिहिला. सही केली.

दुपारी तुमचा फोन आला. ऑपरेशन सुरू झालं होतं, तुम्ही बाहेर बसला होतात. तिथूनही तुम्ही विचारलंत, "तिसरी झाली का रे?"

मी म्हटलं, "झाली."

पुढे बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की तुम्हाला त्या वेळी आणखी घोर नको म्हणून तसं म्हटलं. पण ताई, ते कारण मी नंतर शोधलं. त्या क्षणी माझ्या मनात एवढंच होतं, की वाद मी जिंकलो आहे, आणि हे तुम्हाला कधी कळायचंही नाही.

डिसेंबरात प्राध्यापकबाईंचा फोन आला. प्रयोग चालू असताना खिडकीवर बर्फ धरला, मधल्या पोकळीत हवा शिरली, आणि चकतीवरचा स्फटिक तडकला. त्यांच्या विद्यार्थिनीने दीड वर्ष खपून तो वाढवला होता. बाई रागावल्या नव्हत्या, हे जास्त वाईट होतं. मुलगी दोन दिवस प्रयोगशाळेत आली नाही, असं त्यांनी सांगितलं. भांडं परत आलं. आपण दोघांनी ते लीक डिटेक्टरला लावलं. कोमट असताना काटा हलला नाही, गार केल्यावर ओठाच्या सांध्याशी हलला. तुम्ही तो सांधा स्वतः कापून काढलात आणि भिंगाखाली खूप वेळ बघत राहिलात. मी मागे उभा होतो. चीर वेल्डिंगमधल्या एका बारीक काळ्या ठिपक्यापासून निघाली होती. तो ठिपका मला मागूनही दिसत होता. तुम्हालाही दिसला. तुम्ही भिंत न्याहाळावी तसं समोर बघत म्हणालात, वेल्डिंगचा दोष असता तर तिसऱ्या थंडीपर्यंत नक्की उघडा पडला असता. तीनही चाचण्या स्वच्छ आहेत. म्हणजे ही कड वापरात थकली. माझा आकारच चुकला.

तेव्हा बोलायचं होतं. तेवढंच एक वाक्य. मी भिंग पुसायला घेतलं.

तुम्ही प्राध्यापकबाईंना पत्र लिहिलंत, दोष रचनेचा आहे आणि रचना माझी आहे. ते टपालात टाकायला मीच गेलो. त्यांना जुन्या, जाड सांध्याचं भांडं बनवून दिलंत. ओठाची चित्रं गुंडाळून कपाटावर टाकलीत. तयार असलेला दुसरा नग फडक्यात बांधून माळ्यावर ठेवलात. मी एकदाच विचारलं, तो तरी गार करून बघायचा का? तुम्ही म्हणालात, चुकलेली गोष्ट पुन्हा गार करून काय कळणार. मला सुटल्यासारखं झालं. हेही आज सांगून टाकतो.

त्यानंतर आठ वर्षं तुम्ही नवीन काही केलं नाहीत. दुरुस्त्या घेतल्यात, जुन्या नमुन्याची भांडी केलीत, गुरांच्या दवाखान्याचे डबे केलेत. कोणी नवं काही मागितलं तर पुण्याच्या एका कारखान्याचा पत्ता द्यायचात. लोक म्हणायचे, वय झालं ताईंचं. तुम्ही पन्नाशीच्या होतात. माझ्यावर मात्र तुमचा विश्वास वाढला. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचात, आमच्या दत्ताच्या चाचणीत मी डोळे मिटून सही करते. माझ्या आकड्यावर तुम्ही विश्वास ठेवलात आणि स्वतःच्या गणितावर नाही. मी त्यानंतर एकाही भांड्याची तिसरी थंडी चुकवली नाही. उलट चौथीही द्यायला लागलो. तुम्ही कौतुकाने हसायचात.

एकदा मी सांगणार होतो. डबे दुरुस्त करायला आपण दापोलीला निघालो होतो, गुहागरवरून. खाडी ओलांडायला दाभोळच्या बोटीवर गाडी चढवली आणि आपण कठड्याशी उभे राहिलो. वारा होता, बोटीवर फारसं कोणी नव्हतं. मी म्हटलं, ताई, त्या विद्यापीठाच्या भांड्याबद्दल एक बोलायचं होतं. तुम्ही मला पुढे बोलू दिलं नाहीत. पाण्याकडे बघत म्हणालात, "राहू दे ते. पूर्वी मला स्वतःवर फार भरवसा होता. उतरला ते बरंच झालं." एवढं शांतपणे म्हणालात, की मला वाटलं, तुम्ही त्यातून बाहेर पडला आहात, आता मी ते उकरून काढलं तर तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठीच काढेन. दाभोळचा धक्का आला. मी गाडी खाली उतरवली.

आणि मग दवाखाना. उजवी बाजू गेलेली, बोलणं गेलेलं, डोळे मात्र तुमचे. मी दोन्ही दिवस आलो. दुसऱ्या दिवशी तुमची भाची औषध आणायला खाली गेली आणि खोलीत आपण दोघंच होतो. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुम्हाला ऐकू येत होतं, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. माणूस असा पडलेला असताना त्याला हे सांगावं का, याचा मी विचार करत राहिलो, आणि भाची परत आली. पहाटे तुम्ही गेलात. मला अजून ठरवता आलेलं नाही, की तेव्हा गप्प बसलो ती दया होती की पुन्हा तीच भीती.

किल्ली मिळाली त्या दिवशी मी माळ्यावर चढलो. दुसरा नग काढला. फडकं कुजलं होतं, भांडं लख्ख होतं. आठ वर्षांत कुठल्याही दिवशी मी हे करू शकलो असतो. धुतलं, वाळवलं, जोडलं, पोकळीतली हवा दोन दिवस ओढली. कोल्हापूरहून नायट्रोजन मागवला. पहिली थंडी दिली, दुसरी दिली, तिसरी दिली. काटा हलला नाही. मी थांबलो नाही. रोज एक, कारखान्यात एकटाच, दुसरं कुठलंही काम न घेता. अकराव्या थंडीनंतर नायट्रोजन संपला. काटा तिथेच होता, ताई. ओठाला काही झालं नाही. एका नगावरून काही सिद्ध होत नाही, असं तुम्ही म्हणाला असतात, आणि ते बरोबर आहे. पण तो तडकलेला नग वेल्डिंगमधल्या कणाने गेला, आणि तिसऱ्या थंडीत तो सापडला असता. सापडला असता असं मला वाटतं. नक्की कधीच कळणार नाही, कारण ती थंडी मी दिली नाही.

प्राध्यापकबाईंना पत्र पाठवलं आहे, सगळं लिहून. त्यांच्या विद्यार्थिनीचा पत्ता मागितला आहे, तिलाही लिहायचं आहे. उत्तर अजून आलेलं नाही. येईलच असं नाही.

परवा संध्याकाळी मास्तरांकडे गेलो. ते ओटीवर बसले होते. मी खाली बसलो आणि पहिल्यापासून सांगितलं, घाट, कागद, फोन, सगळं. फोनचं सांगताना त्यांनी मान वर केली, कारण तेव्हा ऑपरेशनच्या टेबलावर तेच होते. संपल्यावर त्यांनी विचारलं, तिला सांगितलं होतंस? मी नाही म्हटलं. मला वाटलं, आता जा म्हणतील. मग उठले, आत गेले आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन आले. शाळेच्या लांब वह्या, सात-आठ. माझ्यासमोर ठेवल्या आणि म्हणाले, रोज संध्याकाळी देवापाशी दिवा लावून झाला की ही घेऊन बसायची. मी विचारायचो, काय करतेस? म्हणायची, यात कुठेतरी चूक आहे, ती सापडत नाही.

मी उघडून बघितलं. प्रत्येक पानावर तो ओठ. तीच वळलेली कड, तेच तांबं, तेच पोलाद. जाडी थोडी बदलून गणित, वळण थोडं बदलून गणित, मग काहीही न बदलता पुन्हा पहिल्यापासून तेच गणित. दर वेळी उत्तर तेच यायचं, आणि त्याच्याखाली तुमच्या अक्षरात, टिकायला हवा होता. काही पानांवर त्याच्याही खाली, मग का नाही? आठ वर्षं, ताई. बोटीवर तुम्ही मला बरं झालं म्हणालात तेव्हाही घरी हे चालू होतं. शेवटचं पान तुम्ही पडलात त्याच्या आदल्या संध्याकाळचं होतं. ते अर्धंच होतं.

मास्तर म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. तू बघून सांग. तिचं गणित बरोबर होतं का?"

मी म्हटलं, "बरोबर होतं. पहिल्यापासून."

त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाले, तसं लिही तिथे. तुमच्या अर्ध्या पानाखाली मी लिहिलं, या गणितात चूक नाही. चाचणी दोनदाच झाली होती. तिसरा आकडा खोटा आहे.

मास्तरांनी वही ओढून घेतली, चष्मा लावला आणि एकेक शब्दावर बोट ठेवत वाचलं. मग वही परत माझ्याकडे सरकवली.

"नाव घाल," ते म्हणाले.